थांबण्याचा रकाना

इस्पितळात त्याला सगळे पाचसेकंद म्हणत. तोंडावर काका, पाठ वळली की पाचसेकंद. त्याच्या टेबलावर कॉम्प्युटरचा एक काळा पडदा होता, त्यावर पांढऱ्या आकड्यांच्या ओळी, आणि त्या ओळी दर पाच सेकंदांनी बदलत. नऊ वर्षं ते बघून बघून त्याच्या मानेलाही तीच सवय लागली होती. समोरचा कितीही जीव तोडून बोलत असो, पाच सेकंद झाले की ह्याची मान पडद्याकडे. बायको म्हणायची, "जेवतानासुद्धा हा माणूस एकसारखा भिंतीकडे बघतो. आमच्या भिंतीवर साधं घड्याळही नाही."

माणूस गोड होता असं त्याचा सख्खा भाऊही म्हणणार नाही. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि तिथून तो कधी खाली उतरत नसे. कुणी सर्व्हर रूमचं दार उघडं टाकलं तर आठवडाभर त्याच्याशी बोलणं बंद. कुणी ‘कॉम्प्युटर चालत नाही’ म्हणून फोन केला तर ह्याचा पहिला प्रश्न, "वायर लावलीय का?" दहातल्या आठ वेळा ती लावलेली नसेच, त्यामुळे जगाबद्दलचं त्याचं वाईट मत रोज आणखी पक्कं होत जाई.

पण कामात कुणी बोट ठेवून दाखवावं! पंचविसाव्या वर्षी तो इथे प्रिंटरमध्ये कागद भरायला लागला. सर्व्हर बसवायला इंजिनिअर यायचे, त्यांच्या मागे मागे फिरून, त्यांना चहा आणून देऊन, त्यानं एकेक कमांड वहीत उतरवून घेतली आणि घरी बसून घोकली. तेव्हा खोलीत सव्वीस यंत्रं होती आणि त्यातलं कुठलं आजारी आहे ते त्याला नुसत्या पंख्याच्या आवाजावरून कळायचं. मग तीन मोठी यंत्रं आली आणि जुन्या सव्वीसांना त्यांच्या पोटात घातलं गेलं. आता मशीन म्हणजे नुसतं नाव उरलं. व्हर्च्युअल मशीन. त्याला हात लावता येत नाही, त्याला पंखा नाही, आवाज नाही. नोंदणीचं एक, औषधांचं एक, लॅबचं एक, असं करता करता एकेचाळीस झाली. सुरुवातीचे कितीतरी दिवस तो त्या खोलीत बहिऱ्यासारखा बसून होता.

मग त्याला ती कमांड सापडली. टाइप करून एन्टर दाबलं की सगळ्या मशीनांची यादी पडद्यावर यायची: कुणी प्रोसेसर किती वापरला, मेमरी किती खाल्ली, डिस्कवर किती लिहिलं. आणि एक रकाना असा, की ज्याच्याकडे दुसरं कुणी ढुंकून बघत नसे. मशीन कामाला तयार आहे, पण प्रोसेसर मोकळा नाही म्हणून ताटकळत उभं आहे, असा शंभरातला किती वेळ गेला ते त्यात दिसे. पाचसेकंद त्याला थांबण्याचा रकाना म्हणायचा. मशीन दमलंय की बिचारं नुसतंच रांगेत उभं आहे, हे तेवढा तोच रकाना सांगतो.

आता ह्या गोष्टीतलं विष, म्हणजे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, वयानं नऊ वर्षांनी लहान. घरच्या नात्यात पाचसेकंद थोरला जावई. पहिली खुर्ची त्याची. साडूनं "बसा भाऊजी" म्हणायचं आणि मग स्वतः टेकायचं. पंधरा वर्षं हे सुरळीत चाललं. दोन वर्षांपूर्वी साडू ह्याच इस्पितळात माहिती विभागाचा प्रमुख होऊन आला आणि खुर्च्या फिरल्या. आता साडू खोलीत आला की पाचसेकंदानं उठायचं आणि "साहेब" म्हणायचं. सुट्टीच्या दिवशी सासुरवाडीला पुन्हा उलट. दोघांनाही ते सहन होत नव्हतं, आणि बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे कुणाला बोलायचीही सोय नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

साडूनं आल्या आल्या भिंतीवर भलामोठा टीव्ही लावला आणि त्यावर रंगीत चौकटी. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जरा बघा, लाल म्हणजे बोंब मारा. येणाऱ्या पाहुण्यांना तो ते दाखवी आणि पाहुणे माना डोलवत. पाचसेकंदाचा काळा पडदा मात्र त्याच्या डोळ्यांत खुपायचा. शेवटी त्यानं मोठ्या बाईंना, म्हणजे इस्पितळाच्या संचालक डॉक्टरीणबाईंना, एक प्रस्ताव दिला: सर्व्हर रूम बाहेरच्या कंपनीकडे सोपवावी, आणि सध्याच्या माणसाला तळघरात जुन्या फायली लावायला बसवावं. बाईंनी त्यावर एका गुरुवारी बैठक ठेवली. खोली राहते की जाते, पाचसेकंदाचा जीव त्या गुरुवारला टांगला होता.

बैठकीच्या आधीच्या आठवड्यातला सोमवार. रात्रीचा बॅकअप लांबला आणि सकाळी दहा वाजले तरी लॅबच्या मशीनवर ठाण मांडून बसला. आणखी तासाभरात आपला आपण उरकला असता. पण टीव्हीवर लॅबची चौकट लाल झाली, आणि साडू ताडताड खोलीत आला. त्याच्यामागे लॅबच्या मॅडम आणि दोन डॉक्टर.

"मशीन दमलंय," साडूनं जाहीर केलं. "चार प्रोसेसरवर काय होणार? आठ देतो."

त्यानं बॅकअप तोडला, मशीन बंद करून आठ प्रोसेसर दिले, पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर थांबण्याचा रकाना दोनावर असायचा, तो अठरावर गेला. मशीन आणखी रेंगाळलं. साडूनं बारा केले. रकाना एकतीस.

ह्यात जादू काही नाही. खाणावळीत चार जण आले तर चार खुर्च्या कुठेही सापडतात. सोळा जण आले आणि ‘आम्ही बसू तर सगळे एकदमच बसू’ असा हट्ट धरला, की सोळा खुर्च्या एकदम मोकळ्या होईपर्यंत ते दारातच उभे. मोठ्या यंत्रात प्रोसेसर होते सगळे मिळून वीस, आणि ते चौदा मशीनांत वाटायचे. जितके जास्त द्याल तितकं ते मशीन उपाशी.

"साहेब, उलटं होतंय," पाचसेकंद उठून म्हणाला. "हा रकाना बघा ना जरा, हा..."

साडूनं मानही वळवली नाही. "भाऊजी, ही पाटी-पेन्सिल आता पुरे करा. तुमचा तो पडदा काचेच्या कपाटात ठेवायच्या लायकीचा झालाय. आणि खरं सांगू? तुम्हीसुद्धा."

डॉक्टर हसले. मॅडम दमल्या होत्या, तरी त्यांनाही हसू आलं. घरी मानानं म्हणायचा शब्द साडूनं ऑफिसात चारचौघांत पायपुसण्यासारखा वापरला, हे पाचसेकंदाला जास्त झोंबलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो खाली बसला.

सगळे गेल्यावर त्यानं तीच कमांड पुन्हा टाइप केली, पण ह्या वेळी शेवटी दोन शब्द जास्त जोडले. आता आकडे नुसते पडद्यावर येऊन पुसले जाणार नव्हते. तारीख-वेळेसकट एका फाइलमध्ये उतरत राहणार होते, दिवसरात्र. त्यानं एन्टर दाबलं आणि मनात म्हणाला, आता मी बोलणार नाही, आता हे बोलेल. बैठकीला अजून दहा दिवस होते. घोडामैदान जवळच होतं.

मंगळवारी साडूनं सोळा केले. रकाना सत्तेचाळीस. आता लॅबचं मशीन दिवसातला जवळजवळ अर्धा वेळ नुसतं उभं राहत होतं, आणि साडू गावभर सांगत होता की मशीनच जुनं झालंय, कंपनी येईल तेव्हा नवं घेऊ.

लॅबच्या मॅडमचे फोन सुरू झाले.

"काका, नमुन्याचं लेबल निघायला वीस-वीस मिनिटं लागतायत. काही नमुने तासाभरात तपासावेच लागतात, नाहीतर फुकट जातात. माणसांना पुन्हा टोचावं लागतंय हो."

"साहेबांना विचारा."

"साहेब म्हणतात, मशीन जुनं झालंय."

"मग झालं असेल."

"काका, तुम्हाला काहीच दिसत नाही का?"

"माझा पडदा शोकेसमधला, मॅडम. मला काय दिसणार?" असं म्हणून तो फोन ठेवी, आणि दुसऱ्या क्षणी मान पडद्याकडे. सत्तेचाळीस. एकोणपन्नास. शेहेचाळीस. त्याला बरं वाटायचं. खरं तेच सांगायचं तर, गेल्या दोन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटायचं.

घरी बायकोला त्यानं तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे काय बिघडलंय ते?"

"पहिल्या तासापासून."

"मग सांगून टाका की."

"सांगायला गेलो होतो. काय म्हणाला तुझा लाडका मेहुणा, ऐकलंस ना? आता बघच तू त्या गुरुवारी. असा तोंडघशी पाडतो की नाही."

"अहो, पण लोकांचं काय?"

"लोकांना मी नाही टोचत." तो उठला. त्या दिवसापासून बायकोनं बहिणीचा फोन घेणं सोडलं, कारण खोटं बोलायचं तिला जमत नव्हतं.

सहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मॅडम स्वतःच वर आल्या. दारात उभ्या राहिल्या. बाहीवर रक्ताचा वाळलेला डाग, डोळ्यांखाली काळं. आत येऊन त्या पडद्याकडे वाकल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळीला लॅबच्या मशीनचं नाव होतं.

"ह्या सगळ्यांपुढे दोन, तीन, एक असं आहे. आमच्याच पुढे अठ्ठेचाळीस का?"

नऊ वर्षांत त्या रकान्याबद्दल विचारणारं ते पहिलं माणूस. आणि पाचसेकंदानं काय केलं? कळ दाबून पडदा बंद केला.

"ते तुमच्या कामाचं नाही," तो म्हणाला.

मॅडम जिना उतरून गेल्या. रविवार गेला, सोमवार गेला. लॅबच्या खिडकीवर भांडणं सुरू झाली. बुधवारी कुणा नातेवाइकानं मॅडमच्या अंगावर फाइल भिरकावली. पाचसेकंद मूग गिळून बसला होता आणि त्याची फाइल वाढत होती.

गुरुवारी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला. फाइलमधून लॅबच्या मशीनच्या तासातासाच्या ओळी काढल्या, सात पानं झाली. टाचणी लावून चार प्रती केल्या. बैठकीत मोठ्या बाई, साडू, लॅबच्या मॅडम आणि तो. साडूनं आधी टीव्हीवरच्या चौकटींची चित्रं दाखवली. लाल, लाल, लाल. "अशा परिस्थितीत जुन्या पद्धतीनं भागणार नाही," वगैरे वगैरे.

मग पाचसेकंद उठला. चोवीस तास पडद्याशी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या जिभेवर साखर नाही तर सुरी होती. कुठल्या दिवशी साहेबांनी किती प्रोसेसर वाढवले आणि त्यापाठोपाठ रकाना कितीवर गेला, हे त्यानं सोमवार सकाळचं तोंडपाठ आणि पुढचं ओळ न् ओळ वाचून दाखवलं. खाणावळीतल्या सोळा जणांची गोष्ट सांगितली. ती मोठ्या बाईंना लगेच समजली. साडूचा चेहरा उतरत उतरत पार कागदासारखा झाला.

"दुखणं नव्हतंच," पाचसेकंद म्हणाला. "ह्यांचं औषध हेच दुखणं. उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच व्हायचं."

"म्हणजे प्रोसेसर परत चार केले की झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"मग करा. आत्ता. आम्ही येतो."

सगळे खोलीत आले. पाचसेकंद खुर्चीवर बसला, पाय पसरून, जसा सासुरवाडीला बसायचा. लॅबचं मशीन बंद केलं, सोळाचे चार केले, चालू केलं. काळा पडदा उघडला. नऊ. पाच. तीन. दोन. मॅडमनी तिथूनच लॅबला फोन लावला. पलीकडून कुणीतरी ओरडून सांगितलं, लेबलं निघतायत, एकदम निघतायत!

मॅडमनी फोन ठेवला. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"चार मिनिटं," त्या म्हणाल्या.

"हो. काम येत असलं की चारच मिनिटं लागतात," पाचसेकंद म्हणाला, आणि साडूकडे बघून हसला.

मॅडमच्या हातात ती सात पानं होती. त्यांनी शेवटचं पान वर केलं, मग त्याच्या खालचं, असं करत पहिल्यावर आल्या.

"ही पहिली ओळ सोमवारची आहे," त्या म्हणाल्या. "मागल्या आठवड्यातल्या सोमवारची. सकाळी अकरा दहा. ही नोंद आपोआप होते का?"

"छे. कमांड द्यावी लागते."

"कुणी दिली?"

"मी."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. ज्या कागदांनी साडूला उघडं पाडलं होतं, त्याच कागदांच्या डोक्यावर त्यानं आपल्या हातानं तारीख आणि वेळ घातली होती. चार प्रती करून वाटलीही होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अकरा दिवस," मॅडम म्हणाल्या. आता त्या काका म्हणत नव्हत्या. "मी रोज तुम्हाला फोन करत होते. वर आले, ह्याच आकड्यावर बोट ठेवलं, तर तुम्ही पडदा बंद केलात. दोनशे बारा माणसांचं रक्त आम्ही दुसऱ्यांदा काढलं. त्यात एक नऊ दिवसांचं बाळ होतं. त्याची शीर सापडेना. पाच वेळा टोचलं मी त्याला. मी, माझ्या हातानं. आणि तुम्ही इथे पानं मोजत बसला होतात?"

"मी सांगायला गेलो होतो," पाचसेकंद म्हणाला. "साहेबांनीच माझा..."

"एकदा," साडू म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण खुनशी होता. "एकदा सांगायला गेलात भाऊजी. आणि मग मजा बघत बसलात. ताईंनी माझ्या बायकोचा फोन का घेतला नाही, ते आज कळलं."

"तुम्ही गप्प बसा," मोठ्या बाई साडूला म्हणाल्या. मग त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, रुग्ण बघतात तसं, आणि निकाल दिला. आवाज चढवला नाही.

"खोली बाहेर कुणाला द्यायची नाही. ह्या रकान्याशिवाय आपलं चालत नाही हे मला पटलं. उद्यापासून ह्या खुर्चीवर साहेब बसतील आणि हा पडदा वाचायला शिकतील. टीव्ही काढून टाका." मग पाचसेकंदाकडे वळून म्हणाल्या, "साहेबांना कळलं नाही, म्हणून ते चुकले. तुम्हाला कळलं होतं. सदतीस लोकांनी लेखी तक्रार दिलीय, प्रत्येकाला आपण कारण कळवायचंय. ते तुम्ही कळवायचं. फोनवर, तुमच्या तोंडानं, मॅडमसमोर बसून. ते झाल्यावर तळघरात फायलींचं काम आहेच."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेल्या माणसाचं नाक शेवटी कापलेलंच राहतं. साडूचंही थोडं खरचटलं, पण त्याला खुर्ची मिळाली. तीसुद्धा पाचसेकंदाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचसेकंद लॅबमध्ये जाऊन बसला. छोटी खोली, स्पिरिटचा वास, टेबलावर जुना फोन आणि नावांची यादी. मॅडम समोरच्या खुर्चीत. त्यांनी यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. नऊ दिवसांच्या बाळाची आई.

त्यानं नंबर फिरवला. पलीकडे बाईचा आवाज आला.

"नमस्कार. इस्पितळातून बोलतोय," तो म्हणाला. "तुमच्या तक्रारीबद्दल. त्या दिवशी यंत्रात बिघाड होता, त्यामुळे..."

मॅडमनी हात पुढे करून फोन तोडला.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

त्यानं मान फिरवली. इथे बघायला काही नव्हतं, नुसती पांढरी भिंत होती. त्यानं पुन्हा नंबर फिरवला.

"मघाशी फोन तुटला," तो म्हणाला. "तुमच्या बाळाला परत परत टोचावं लागलं, त्याचं कारण सांगायचंय. लॅबचं मशीन मंद झालं होतं. ते कशानं झालंय, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही."

"का?" बाईनं विचारलं.

त्याला साडू आठवला, शोकेस आठवली, हसणारे डॉक्टर आठवले. ह्यातलं एकही तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

"आमच्यात भांडण होतं," तो म्हणाला.

पलीकडे बाळ रडत होतं, बाई त्याला थोपटत असावी. मग तिचा आवाज आला.

"ह्यांना फोन देते. आत्ता जे मला सांगितलंत ना, तेच त्यांना सांगा. जसंच्या तसं."